म्हाताऱ्या वेलीचा भाव

'एलिगंट' या शब्दाचा आणि आमच्या सातारा-सांगली भागाचा काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे माणूस एक तर 'नंबर एक' असतो, नाहीतर 'लई बाराचा'. पण हल्ली तांबड्या वाइनच्या बाटलीवर हा शब्द दिसतो आणि शेजारी आणखी दोन: 'ओल्ड व्हाइन' आणि 'फॅमिली वायनरी'. म्हणजे बाटली नजाकतदार, वेल म्हातारी आणि धंदा घरचा. तिन्हींनी किंमत चढते. बाटलीत काय भरलंय हा ज्याच्या त्याच्या घशाचा प्रश्न. माझं भांडण या हिशेबाशी आहे, कारण हिशेब हा माझा वीस वर्षांचा धंदा.

म्हाताऱ्या वेलीचंच घ्या. ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यात २००९ साली सनदच निघाली. पस्तीस वर्षांची वेल 'ओल्ड', सत्तरीची 'सर्व्हायव्हर', शंभरी आणि सव्वाशे ओलांडलेल्यांना त्याहून मोठे किताब. वेलींची पद्मश्री-पद्मभूषणच म्हणा ना! २०२४ साली वाइनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही पस्तिसाचाच आकडा धरला. युरोपातली वेल थंडीभर झोपते. तासगावच्या वेलीला मात्र वर्षातून दोनदा कात्री: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. तिला हक्काची रजा नाही, कॅज्युअलसुद्धा नाही. पंधराएक वर्षांत बिचारी दमते, माल घटतो. मग कर्जाच्या कागदावर तिचं वय सांगताना बागायतदाराचा आवाज खाली येतो आणि आमचे साहेब हातातलं पेन टेबलावर ठेवतात. जे वय तिकडे लेबलावर मिरवतात, त्याच वयापायी इकडे कर्ज अडतं.

'फॅमिली'चीही तीच तऱ्हा. अकलूजला फ्रातेल्ली नावाची वायनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांनी ती काढली. त्यांच्या एका नामांकित तांबड्या मिश्र वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. छान आहे. पण आमच्याकडे सात-बारावर सात भावांची नावं असली, की त्याला कोणी एलिगंट म्हणत नाही. "सगळ्यांच्या सह्या घेऊन या," म्हणतात. सातवा भाऊ मुंबईला, आणि बोलणं बंद! विरळणीला वहिनी, औषधाला आबा, राखणीला म्हातारी, अशी अख्खी फॅमिली बागेत राबते. तिचं लेबल कोण छापणार?

खरा राग पुढेच आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं. एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणाली, शेतकऱ्याच्या पोरांचं वाटोळं होईल. निर्णय दुकानाच्या फळीपर्यंत पोचलाच नाही, पण कोणत्या शेतकऱ्याचं भलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. तिला लहान मण्याचं, जाड सालीचं, बियांचं द्राक्ष लागतं. तासगावकरानं पिढ्यान्‌पिढ्या उलटंच शिकून घेतलंय: मणी टपोरा, साल पातळ, बी गायब. थॉम्पसनमधून निवडून काढलेल्या 'तास-ए-गणेश'नं गावाचं नाव देशभर नेलं. राहिलेल्या मालाचा बेदाणा होतो, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. ते द्राक्ष तांबड्या बाटलीत जायचं कसं? त्यासाठी बाग मुळासकट बदलायला हवी, पुन्हा कर्ज, आणि फळ येईपर्यंत कोरडे उसासे.

२००१ च्या धोरणानंतर दोन वाइन पार्कांची नावं निघाली, नाशिककडचं विंचूर आणि आमच्याकडचं पलूस. वाइन पिणाऱ्या कोणालाही नाशिक विचारा, तासभर बोलेल. पलूस विचारा, तो म्हणेल, किर्लोस्करवाडीच्या शेजारचंच ना?

आणि आपण मध्यमवर्गीय? गाड्यावरच्या द्राक्षांसाठी किलोमागे पाच रुपये तोडून घेणारे आपणच, आणि 'ओल्ड व्हाइन' वाचून मुकाट्यानं हजार रुपये मोजणारेही आपणच.

तेव्हा यापुढे शेतकऱ्याच्या नावानं वाइनचा पुरस्कार करायला कोणी आलाच, तर त्यानं माझ्या काउंटरवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: द्राक्षाची जात कोणती, किलोला भाव काय आणि करार किती वर्षांचा. रकाने कोरे असले तर मी शेरा मारणार: 'कागदपत्रं अपुरी, परत.'