ती पाटी परत लावा!

पूर्ण डॉक्टर देतो म्हणून जवळचा डॉक्टर काढून घेतला. ऐंशी वर्षे होत आली. खेड्याच्या हाती दोन्ही नाहीत आणि शहरातली गल्लीही आता रिकामी आहे.

पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्तीत ज्यांचे बालपण गेले त्यांना ती पाटी आठवत असेल. डॉक्टरांचे नाव आणि त्यापुढे चार अक्षरे : एल. सी. पी. एस. आत कंपाउंडर, त्याच्या हातात गुलाबी मिक्श्चरची बाटली आणि बाटलीला डोसांच्या खुणा कापलेली कागदी पट्टी. आजीचा दमा, सुनेचे बाळंतपण, नातवाचा गोवर हे सारे एकाच माणसाच्या ध्यानात असे. ‘डॉक्टर, तुम्ही किती वर्षे शिकलात?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की घरी येऊन जाता का? आणि ते येत. ‘हल्ली फॅमिली डॉक्टर राहिलेच नाहीत हो’ असा गळा काढणारा आमचा सुशिक्षित वर्ग त्यांच्याच आठवणीने हळवा होतो. आणि कमी मुदतीच्या वैद्यकीय शिक्षणाचे नाव काढताच हाच वर्ग ‘अर्धवट डॉक्टर आमच्या माथी मारता काय?’ म्हणून अंगावर धावून येतो. या महाभागांना ठाऊकच नाही, की ज्यांच्यासाठी ते उसासे टाकतात त्यांतले अनेकजण याच ‘अर्धवट’ शिक्षणातून आले होते!

मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ साली निघाले आणि एल. सी. पी. एस.ची सनद देऊ लागले. पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल होते, नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल. पदवीपेक्षा मुदत कमी, खर्च कमी. त्यामुळे तालुक्याच्या गावचा हुशार मुलगाही तिथे पोहोचत असे आणि शिकून पुन्हा तालुक्यात परतत असे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास दोन तृतीयांश हे असे सनदधारक होते. मग आली देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेली भोर समिती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे, शिक्षणाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. १९४६च्या अहवालात बहुमताने ठरले, की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, साडेपाच वर्षे शिकलेला. समितीतल्या काही सदस्यांनी विरोध नोंदवला : डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना आहे तो झरा बुजवू नका. त्यांचे ऐकले गेले नाही. पुण्या-नागपूरच्या शाळांची महाविद्यालये झाली. इमारतींना बढती मिळाली, तालुक्याला मिळाला ठेंगा.

भोर यांचा हेतू उदात्त होता, याविषयी आम्हाला शंका नाही. गरिबालाही पूर्ण शिकलेलाच डॉक्टर मिळावा, हे स्वप्न कोणालाही शोभावे. पण त्यांनी डॉक्टरासोबत गावोगाव आरोग्य केंद्रांचे जाळे मागितले होते आणि समाजात मिसळणारा, रोग होण्याआधीच अडवणारा डॉक्टर मागितला होता. राज्यकर्त्यांनी आणि वैद्यकीय पुढाऱ्यांनी त्या अहवालातून उचलले ते सोयीचे. सनद बंद केली; जाळे मात्र आजही फाटकेच आहे.

आता या पूर्ण डॉक्टराची अवस्था पाहा. एमबीबीएसच्या जागा २०१४ साली देशात ५१ हजारांच्या आसपास होत्या. दहा वर्षांत त्या लाखाच्या पुढे गेल्या. तरी तुमच्या गल्लीत एक तरी नवा दवाखाना उघडला काय? उघडणार कसा? हा विद्यार्थी शिकतो मोठ्या रुग्णालयात, शिकवणारा प्रत्येकजण विशेषज्ञ. साध्या तापाचा, खोकल्याचा, मधुमेहाचा रोगी वर्षानुवर्षे कसा सांभाळावा हे दाखवणारा जनरल प्रॅक्टिशनर त्याला वर्गात भेटतच नाही. मग इंटर्नशिपचे वर्ष रोग्याच्या उशाशी घालवण्याऐवजी तो नीट-पीजीच्या प्रश्नसंचात डोके खुपसून बसला, तर दोष त्या पोराला द्यायचा की त्याला घडवणाऱ्या कारखान्याला? खासगी महाविद्यालयात लाखो रुपये ओतलेल्या बापाला पोराने तालुक्यात कमी फीवर नाडी पाहावी, हे परवडणार कसे? सरकारी महाविद्यालयातून निघालेल्याला वर्षभराच्या सेवेचे बंधन आहे, ते मोडल्यास दहा लाखांचा दंड आहे. ज्याला शक्य आहे तो दंड भरून सुटतो. खेडे ही शिक्षा ठरली, की सुटकेची किंमतही ठरतेच.

आणि खेड्यात औषध देतो कोण? इथे ढोंगाचा कळस आहे. आयुर्वेदाची पदवी घेतलेला डॉक्टर अँटिबायोटिक लिहितो, सारे पाहतात. होमिओपॅथीच्या डॉक्टराने एका वर्षाचा अभ्यासक्रम केला, की त्याला आधुनिक औषधे देण्याची मुभा असावी असा बदल महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात केला. अशा होमिओपॅथांच्या नोंदणीवरून २०२५च्या सप्टेंबरात डॉक्टरांच्या संघटनेने राज्यभर बंद पाळला. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर. त्याहून खाली ज्याला कसलेच शिक्षण नाही असा बोगस डॉक्टर प्रत्येक तापाला सलाईन लावत बसला आहे. म्हणजे एक वर्ष चालते, सहा महिने चालतात, शून्यही चालते. चालत नाही ते फक्त आधुनिक वैद्यकाचे तीन-चार वर्षांचे सलग, शिस्तीचे शिक्षण! याला तर्क म्हणायचे की मक्तेदारीची राखण?

प्रयोग झालेला नाही, असेही नाही. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून निघालेले तरुण पुढे आरोग्य केंद्रांत बसले. २०१०च्या अभ्यासात नेहमीच्या आजारांवरील उपचारांत ते एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. पण त्यांना ‘डॉक्टर’ म्हणावे की नाही, यावरच भांडणे झाली आणि २००८पर्यंत अभ्यासक्रमच गुंडाळला गेला होता. आसामने असाच अभ्यासक्रम कायदा करून चालवला. केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून तो न्यायालयात टिकला नाही आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे एकट्या राज्याच्या हाती हे नाही. दिल्लीला हलावे लागेल. आणि दिल्लीच्या हाती शस्त्र आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३२ मधल्या पातळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद करते. डॉक्टरांनी रस्त्यावर उतरून गहजब केला; कलम पुस्तकात राहिले, सरकारचे धैर्य मात्र गळाले.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे : गरिबाला दुय्यम आणि श्रीमंताला अव्वल, अशी वर्णव्यवस्था औषधातही आणणार काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. कमी मुदतीत शिकलेला हा डॉक्टर केवळ खेड्यासाठी मुळीच नको. तो गडचिरोलीत बसावा तसा कोथरूडमध्येही बसावा. त्याचे शिक्षण साडेतीन-चार वर्षांचे, तालुका आणि जिल्हा रुग्णालयातले असावे. शिकवायला तीस-तीस वर्षे दवाखाना चालवलेले अनुभवी डॉक्टर बोलवावेत. औषधांची यादी ठरलेली असावी आणि रोगी वरच्या डॉक्टराकडे कधी धाडायचा, याचा नियम लोखंडी असावा. पाच वर्षे इमानाने काम केलेल्याला एमबीबीएसच्या पुढच्या वर्षात थेट प्रवेश मिळावा, म्हणजे ही वाट कोंडवाडा ठरणार नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात फॅमिली मेडिसिनचा विभाग सक्तीचा करावा. आणि सरकारनेही कान उघडून ऐकावे : स्वस्तात माणूस मिळाला म्हणून औषधे, नर्स आणि राहायला धड घर यांवरचा खर्च वाचवायचा बेत असेल, तर ही योजना न आणलेलीच बरी.

जामखेडला आरोळे दांपत्याने अल्पशिक्षित बायकांच्या हाती गावाचे आरोग्य दिले. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांचे मृत्यू रोखून जगाला धडा दिला. हे याच महाराष्ट्रात घडले. काही महिन्यांच्या शिकवणीवर बायाबापड्या एवढे करून दाखवत असतील, तर चार वर्षे शिकलेल्या तरुणाची आम्हाला एवढी धास्ती का वाटावी?

तरीही ज्या संघटनांना हा विचार रोग्याच्या जिवाशी खेळ वाटतो, त्यांना आमचे जाहीर आव्हान आहे. राज्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या खुर्च्यांची यादी सरकारकडून मागून घ्या आणि आपल्या पूर्ण शिकलेल्या सभासदांनी त्या एक वर्षभर भरून दाखवा. भरल्यात, तर हा अग्रलेख आम्ही याच जागी, याच टाइपात मागे घेऊ. भरता येत नसतील, तर निदान त्या खुर्चीवर बसायला निघालेल्याची वाट सोडा.