चोर सोडून बॅटरीला फाशी

रात्री धडधाकट असलेली गाडी सकाळी सुरू झाली नाही, की आमच्या विंचूरला निदान एकच: "बॅटरी गेली. नवी टाका." हे 'जाणं' मला मुळीच मान्य नाही. उपाशी माणूस चक्कर येऊन पडला, तर आपण त्याला 'जेवलास का?' विचारतो, लगेच तिरडी बांधत नाही. बॅटरीच्या नशिबी मात्र थेट तिरडी!

त्यात आमच्या निफाड तालुक्यात थंडीवर आळ घ्यायची आयती सोय. द्राक्षबागा गारठल्या, तशी बॅटरीही गारठली म्हणे! थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, कबूल. पण थंडी वीज पीत नाही. ती चोरी फक्त उघडकीला आणते. चोर गाडीतच असतो.

हिशेब सोपा आहे. लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची. बंद गाडीतही घड्याळ आणि रेडिओची स्मरणशक्ती जागी ठेवायला 50 मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते. 12 तासांत अवघे 0.6 अँपिअर-तास. ही चोरी नव्हे, चहापाणी. पण 5 वॅटचे चार पार्किंग दिवे रात्रभर जळले, तर 20 अँपिअर-तास फस्त! हा दरोडा. अशा घरात नवी बॅटरी आणणं म्हणजे दरोडेखोराला भरलेली तिजोरी नेऊन देणं.

इथल्या उपबाजारात कांदा विकताना काट्यावरून नजर न हटवणारा माणूस बॅटरीचे पैसे मात्र न मोजता-मापता टाकतो. माझ्या शेजाऱ्यांनी वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या. गॅरंटी दोन्हींची मिळाली, चोराचं नाव कोणी सांगितलं नाही. शेवटी मी मीटर घेऊन गेलो. बॅटरीची ऋण केबल सोडवून मध्ये मीटर लावला, दारं बंद करून अर्धा तास थांबलो (या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरच जातो!) आणि एकेक फ्यूज काढू लागलो. आकडा दीड अँपिअरवर ठाम. अँप्लिफायरचा फ्यूज काढताच धाडकन खाली! सगळे फ्यूज काढूनही तो हलला नसता, तर संशय अल्टरनेटरवर गेला असता.

शेजारी मात्र खूश होण्याऐवजी गंभीर झाले. अँप्लिफायर जावयांनी हौसेने बसवलेला! "तिसरी बॅटरी घेतली तर नाही का चालणार?" त्यांनी हळूच विचारलं.

खरं दुखणं हे आहे. घरातल्या चोराला हात लावण्यापेक्षा बाहेरून नवी बॅटरी आणणं आपल्याला सोयीचं वाटतं.

बॅटरी म्हातारी होते, मरते, हे मला ठाऊक आहे. पण विसावलेली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट मिळतात, एवढं तरी आधी पाहा. जावयांना दुखवायचं नसेल, तर अँप्लिफायर किल्लीबरोबर बंद होईल अशी वायर जोडून घ्या. मानही राहील, बॅटरीही राहील.