डबा खायला जागा

लकडगंजात आरामशिनीवर दिवसभर लाकूड ओढणाऱ्या बापाची लेक आज अमरावती रोडच्या विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी. करते, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण वाचकहो, ती दुपारचा डबा कुठे खाते हे आपण तिला कधी विचारले काय? आम्ही वस्तीतल्या मुलींना विचारले. कुणी रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर खाते, कुणी जिन्याच्या पायरीवर, कुणी झाडाखाली. कॅन्टीनमध्ये बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते, आणि रोज चहा-समोशाचे पैसे आणायचे कुठून? एक तास सकाळी, दुसरा थेट तीन वाजता. मध्ये घरी यावे तर नऊ-दहा किलोमीटर, बर्डीला बस बदला, पुन्हा तिकीट काढा.

म्हणूनच विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी संघाची स्वतंत्र इमारत असावी, असे आमचे मत आहे. मुंबई विद्यापीठाचे चर्चगेटला ‘विद्यापीठ विद्यार्थी भवन’ आहे. नागपूरचे विद्यापीठ तर ४ ऑगस्ट १९२३ चे, शंभरी ओलांडलेले. इथे इमारतीची कल्पना कुणालाही पटेल. वाद होईल तो नकाशावर.

अशा इमारतींचे नकाशे कसे निघतात ते आपण पाहतोच. दर्शनी भागात काचेचे दार, अध्यक्षांचे दालन, त्यांच्या खुर्चीमागे मोठा फोटो, वर सभागृह. उरलेल्या कोपऱ्यात विद्यार्थी! आमचे म्हणणे, नकाशा उलटा काढा. तळमजल्यावर सर्वांत मोठी खोली डबा खाणाऱ्यांची करा. साधी टेबले, बाक, हात धुवायला नळ, प्यायला पाणी, आणि काही विकत घेण्याची सक्ती नाही. तिच्या शेजारी मुलींची खोली, आतून कडी लागणारी, पाण्याचे संडास असलेली. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला दारापर्यंत उतार हवा. महाडीबीटीचा अर्ज भरायला दोन-चार संगणक हवेत. आज त्यासाठी मुले बाहेरच्या कॅफेत पैसे मोजतात. पदाधिकाऱ्यांना वरच्या मजल्यावर एक छोटी खोली पुरे.

वाचनाची खोली मात्र रात्री उशिरापर्यंत उघडी पाहिजे. परळच्या एका खोलीत बिऱ्हाड असताना शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत, तिथेच केळुस्कर गुरुजींनी त्यांना हेरले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. लकडगंजच्या बागेतही परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन बसलेली मुले दिसतात. घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडे. ती पोरे जातील कुठे?

आता नकाशा ठरवायचा कुणी? १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणपत्रिका पाहून प्रतिनिधी नेमू लागले. २०१६ चा नवा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात निवडणुका परत आल्या. विद्यार्थी परिषदेत विद्यार्थिनींची एक प्रतिनिधी, तसेच अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्यातून पाळीपाळीने एक प्रतिनिधी, अशी सोय आहे. २०१९ मध्ये निवडणुका होणार असे जाहीर झाले, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या. कायदा कागदावर चांगला, पण कागदावरचा प्रतिनिधी बैठकीत उठून “नळ किती लावणार?” असे विचारू शकत नाही. निवडून आलेली परिषद नसेल तर आधी प्रत्येक विभागात मुलांच्या सभा घ्या, वसतिगृहातल्यांना बोलवा, रोज बसने येणाऱ्यांना बोलवा, मग वास्तुशिल्पकाला कामाला लावा.

आणि पैसा? इथे आईबापांनी कान टवकारावेत. ‘इमारत निधी’ म्हणून फीमध्ये रक्कम वाढली तर ती भरणार कोण? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली सुरू झालेली भारत सरकारची शिष्यवृत्ती आपल्या हजारो मुलांना आधार देत आली. पण तिच्यातून मंजूर, सक्तीची फी मिळते. मंजुरीबाहेरचा एक रुपयाही हमाली करणाऱ्याच्या खिशातून जाईल. तेव्हा बांधकामाचा खर्च विद्यापीठाने आणि शासनाने करावा. दानशूर पुढे आले तर त्यांचे नाव भिंतीवर लावायला आमची हरकत नाही. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली याच शहरात तंत्रज्ञानाची मोठी संस्था उभी राहिली.

बांधकाम एकदाच होते. झाडू, वीजबिल, पाणी, चौकीदार हे मात्र दर महिन्याला लागते. कुलूप लागलेली सभागृहे नागपुरात आम्ही कमी पाहिली नाहीत. झाडणाऱ्या बाईचा पगार कोणत्या खात्यातून निघेल आणि रात्री नऊनंतर चावी कुणाकडे राहील, हे कोनशिला बसवण्याआधी लिहून घ्यावे. आपली मुलगी-मुलगा विद्यापीठात असेल तर हे दोन प्रश्न त्यांच्या वहीत आजच उतरवून द्या. विभागाची सभा लागली की उभे राहून विचारता येतील.