बँकेचें सृष्टिऋण

हल्लीं वर्तमानपत्रांत आणि बँकांच्या वार्षिक अहवालांत 'पर्यावरणस्नेही बँक' हा शब्दप्रयोग वारंवार दृष्टीस पडतो. गिरणीचा धूर डोळ्यांना दिसतो, साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकाला कळतो. परंतु बँकेच्या दारांतून ना धूर निघतो, ना मळी वाहते. मग तिनें सृष्टीची काळजी वाहावी म्हणजे नेमकें काय करावें, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत आला असेल. प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानें व कर्त्या स्त्रीनें समजून घेण्याजोगें आहे. कारण बँक व्यवहार करते तो आपल्याच ठेवींवर.

प्रथम इमारतीपुरतें पाहूं. शाखेंत दिवे, पंखे, संगणक चालतात. एटीएमच्या खोलींतील वातानुकूलन यंत्र पुष्कळ ठिकाणीं अहोरात्र चालतें. वीज गेली कीं डिझेलचें जनित्र धडधडूं लागतें. महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग अद्याप दगडी कोळशापासूनच येतो. आमच्या वाशीम जिल्ह्याच्या शेजारीं अकोला जिल्ह्यांत पारस येथें २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. तेव्हां ही गोष्ट आम्हां वऱ्हाडकरांना पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. देशाच्या सरासरीनें एक युनिट विजेमागें सुमारें सातशें ग्रॅम कर्बवायु हवेंत मिसळतो. उलट, छपरावर एक किलोवॅटचा सौर संच बसविला तर आपल्याकडील उन्हांत दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पांच किलोवॅटचा संच म्हणजे वर्षाकाठीं सुमारें सात हजार युनिट, आणि जवळजवळ पांच टन कर्बवायूची बचत. विदर्भांतील उन्हाची आपण जन्मभर तक्रार करीत आलों. त्या उन्हानें शाखेचें वीजबिल भरलें तर कोणाला नको आहे?

कागदाचेंही तसेंच. पूर्वीं चेक एका गांवाहून दुसऱ्या गांवीं टपालानें व मोटारीनें प्रवास करीत असे. रिझर्व्ह बँकेनें २००८ मध्यें दिल्लींत आरंभ करून पुढें देशभर नेलेल्या पद्धतींत चेक जेथें भरला तेथेंच थांबतो, आणि त्याचें केवळ चित्र पुढें जातें. फाटक्या व मळक्या नोटांचा भुगा करून त्याच्या विटा दाबतात. असा भुगा देशांत वर्षाला सुमारें १५,००० टन निघतो. तो जाळण्यापुरण्याऐवजीं त्याच्या फळ्या तयार कराव्या, असा विचार त्या बँकेनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मांडला आहे. हें सर्व स्वागतार्ह आहे. मात्र कागद वाचविण्याच्या भरांत ज्या आजीबाईंना मोबाईलवरील अक्षर दिसत नाहीं, त्यांच्या हातचें पासबुक काढून घेणें ही कांहीं बचत नव्हे. एका पासबुकाला कागद तो किती लागतो! वृद्धांना दुसऱ्याच्या हातीं मोबाईल देऊन व्यवहार करावयास लावलें तर त्यांत फसगतीचें भय अधिक. घरांतील तरुणांनीं मोबाईलवर व्यवहार करावा, आणि वडील मंडळींचें पासबुक बँकेनें आदरानें भरून द्यावें, हीच योग्य वांटणी.

येथवरचा भाग हा केवळ झाडलोटीचा झाला. खरा प्रश्न पुढेंच आहे. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना प्रयोजक क्रियापद ठाऊक असतें. 'देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवितो' या वाक्यांत चुलीपुढें बसला आहे यज्ञदत्त. तथापि करविणारा जो देवदत्त, तोही कर्ताच, असें पाणिनीनें मानलें आहे. बँक ही अशी प्रयोजक कर्ती आहे. विहीर खणतो शेतकरी, भट्टी लावतो कारखानदार, डोंगर फोडतो खडीवाला. परंतु ज्या कर्जावांचून तें काम उभेंच राहिलें नसतें, तें कर्ज मंजूर होतें बँकेच्या टेबलावर. म्हणून बँकेचा सृष्टीशीं असलेला संबंध मोजावयाचा तर तिच्या वीजबिलावरून मोजून चालणार नाहीं. तिची कर्जाची वही उघडली पाहिजे. छपरावर सौर संच बसवून आंत दगडखाणीला डोळे मिटून कर्ज देणें म्हणजे अंगणांत तुळस लावून परसांतला आंबा तोडणें होय.

आतां आमच्या जिल्ह्यापुरतें बोलूं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. काटेपूर्णा आणि अडाण या नद्या याच जिल्ह्यांत उगम पावतात. उगमाचा प्रदेश म्हणजे, अडविलें नाहीं तर, पाणी क्षणांत दुसऱ्याच्या दारीं नेऊन देणारा प्रदेश. खालीं काळा पाषाण, त्यावर कोठें वीतभर तर कोठें पुरुषभर माती. खरिपांत सोयाबीन आणि तूर, कोठें कापूस. आणि बहुतेक शेती पावसाच्या भरंवशावर. अशा ठिकाणीं बँकेनें दिलेल्या पीककर्जाचें खरें तारण सातबाऱ्याच्या कागदांत नसून मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसांत आणि बांधाशीं अडलेल्या मातींत आहे. पाऊस चुकला कीं पीक जातें. पीक गेलें कीं कर्ज थकतें. कर्ज थकलें कीं शेतकऱ्याला पुढल्या हंगामांत नवें कर्ज मिळत नाहीं, आणि बँकेच्या वहींत बुडिताचा आंकडा वाढतो. शेताची धूप आणि बँकेची धूप एकाच ओढ्यानें होते. म्हणून माती व पाणी राखणें हा बँकेनें करावयाचा दानधर्म नव्हे; तो तिच्या स्वतःच्या मुद्दलाचा बंदोबस्त आहे.

या दृष्टीनें कर्जाची घडण पाहिली म्हणजे एक विसंगति ध्यानांत येते. वेळेवर फेड करणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज केंद्र व राज्य यांच्या व्याजसवलती मिळून महाराष्ट्रांत शून्य टक्क्यानें पडतें. ही सवलत योग्यच आहे. तिच्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु बांधबंदिस्ती, शेततळें, ठिबक संच, फळबाग यांकरितां लागणारें पांच-सात वर्षांचें कर्ज, सरकारी अनुदानाचा भाग वजा जातां, साधारणतः नेहमींच्याच दरानें घ्यावें लागतें. म्हणजे एका हंगामाचें कर्ज स्वस्त, आणि एका पिढीच्या उपयोगीं पडणारें महाग! अशा दीर्घ मुदतीच्या कर्जांकरितांच पूर्वीं भूविकास बँका होत्या. त्या आपल्या राज्यांत डबघाईस येऊन अवसायनांत निघाल्या, आणि २०२२ सालीं त्यांच्या ३४,७८८ कर्जदार शेतकऱ्यांचें सुमारें ९६४ कोटी रुपयांचें कर्ज सरकारनें माफ केलें. ती रिकामी झालेली जागा, आमच्या मतें, अद्याप नीट भरलेली नाहीं.

ती कशी भरावी याचा धडा महाराष्ट्रांतच मिळाला आहे. १९९२ पासून जर्मनीच्या साह्यानें जो पाणलोट विकासाचा कार्यक्रम चालला, त्यांत नाबार्ड ही शेतीची शिखर बँक सामील होती, आणि फादर हर्मन बाखर यांनीं त्याकरितां अपार खटपट केली. गांवानें श्रमदान करावें, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यावें, अशा त्याच्या अटी होत्या. पुढें १९९९-२००० मध्यें नाबार्डमध्यें २०० कोटींचा पाणलोट विकास निधि उभा राहिला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यांतील १५ जिल्ह्यांत वाशीमचाही समावेश झाला. शेतकऱ्याला एकट्यानें धरून उपयोग नाहीं, सारें शिवार धरावें लागतें, हें सूत्र या कामांतून स्पष्ट झालें आहे. स्थानिक बँकांनीं दीर्घ मुदतीचें कर्ज शिवाराच्या अशा आंखणीशीं जोडून, थोड्या कमी व्याजानें दिलें, तर पैसा बुडण्याचें भयही कमी होईल.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. बँकेनें सृष्टिरक्षणाच्या अटी घालूं लागल्यावर त्यांचा भार कोणावर पडेल? मोठा कारखानदार सल्लागार नेमून पन्नास पानांचें प्रतिज्ञापत्र सादर करील. तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी मात्र एका कागदासाठीं चार हेलपाटे घालील, आणि थकून सावकाराच्या ओटीवर जाऊन बसेल. सावकारी पाशानें काय होतें, हें महाराष्ट्रानें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें पेटलेल्या दंग्यांत पाहिलें. त्यांतूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. हिंदु धर्मशास्त्रानें तर फार पूर्वींच दामदुपटीची मर्यादा घालून, एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापलीकडे जाऊं दिलें नव्हतें. तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, अटी ऐपतीप्रमाणें असाव्या. खाण, खडीकेंद्र, कारखाना, मोठें बांधकाम यांना कर्ज देतांना पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठें सोडणार, हें बँकेनें कसून विचारावें. लहान शेतकऱ्याला अट घालूं नये. चांगल्या कामाला सवलत द्यावी. सोयरिकींत जसें मोठ्या घरचें अधिक पारखून घेतात आणि गरिबाला सांभाळून घेतात, तसेंच हें.

सौर ऊर्जेच्या बाबतींत बँकांना वाव मोठा आहे. २०१५ पासून रिझर्व्ह बँकेनें अपारंपरिक ऊर्जेच्या कर्जांना अग्रक्रमाच्या यादींत घेतलें असून घरगुती कर्जदाराला त्याखालीं दहा लाखांपर्यंत कर्ज मिळूं शकतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरलें, आणि उरलेल्या रकमेसाठीं बँकांचें कर्ज आहे. शेतकऱ्यांसाठीं 'मागेल त्याला सौर कृषि पंप' या राज्याच्या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वांटा दहा टक्के व अनुसूचित जाति-जमातींचा पांच टक्के ठेवला आहे. परंतु पंपाबरोबर बँकेनें व कृषिखात्यानें विहिरीचाही विचार केला पाहिजे. बिल येत नाहीं म्हणून पंप दिवसभर चालूं लागला तर खडकांतील पाणी माघांतच आटेल. ऊन रोज नवें येतें. भूजल पावसाळ्याखेरीज येत नाहीं.

आतां ठेवीदारांच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे हरित ठेव. रिझर्व्ह बँकेनें ११ एप्रिल २०२३ रोजीं परिपत्रक काढून १ जून २०२३ पासून तिचे नियम लागू केले. या ठेवींचा पैसा अपारंपरिक ऊर्जा, विजेची काटकसर, स्वच्छ वाहतूक, पाणी व कचरा यांची व्यवस्था, जीवविविधतेचें रक्षण अशा ठराविक कामांनाच द्यावयाचा. कोळसा-तेल, मद्य, तंबाखू, शस्त्रें यांना द्यावयाचा नाहीं. आणि पैसा खरोखर कोठें गेला याची दरसाल बाहेरच्या तिऱ्हाइताकडून तपासणी करून ती प्रसिद्ध करावयाची. पाटी हिरवी आणि माल जुनाच, असा प्रकार होऊं नये म्हणून ही व्यवस्था. स्टेट बँकेनें जानेवारी २०२४ मध्यें अशी ठेव सुरू केली. ठेवविम्याचें पांच लाखांपर्यंतचें संरक्षण या ठेवींनाही आहे. मात्र जास्त व्याज मिळेल या आशेनें कोणीं तिकडे वळूं नये.

खेदाची गोष्ट इतकीच कीं, या चौकटींतून ग्रामीण बँका वगळल्या आहेत, आणि सहकारी बँकाही तींत घेतलेल्या नाहींत. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत विलीन झाली. ग्रामीण बँकांचा आणि जिल्हा सहकारी बँकेचाच आमच्याकडील खेड्यांशीं खरा घरोबा. ज्यांच्या कर्जावर माती-पाण्याचें भवितव्य अवलंबून, त्यांच्याच दारीं हरित ठेव नाहीं. नियम बदलेपर्यंत या बँकांनीं आपल्या अहवालांत निदान एक पान तरी स्वखुशीनें यासाठीं राखावें.

तें त्यांनीं राखावें म्हणून विचारणारे आपणच आहों. सहकारी बँकेंत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत, वार्षिक सभा भरवावीच लागते. तिची नोटीस घरोघर येते आणि बहुधा पंचांगाखालीं दडपून राहते. यंदा ती काढून वाचावी. घरांतील एकानें, आणि शक्य तर एका सुनेनें किंवा मुलीनेंही सभासद या नात्यानें, सभेस जावें. तीन प्रश्न आधीं लेखी पाठवावे: गेल्या वर्षीं शेततळीं, ठिबक, बांधबंदिस्ती व सौर संच यांना किती कर्ज दिलें? खाणी, खडीकेंद्रें आणि कारखाने यांना कर्ज देण्यापूर्वीं पाणी व सांडपाणी यांची काय चौकशी केली? आणि शाखांचा वीज व डिझेल यांवरील खर्च मागील वर्षाहून किती घटला? उत्तरें मिळालीं तर तीं टिपून ठेवावीं, म्हणजे पुढील वर्षीं पडताळून पाहतां येतील. न मिळालीं तर तेच प्रश्न पुढील वर्षीं पुन्हा पाठवावे.