टेराचा खटला पुन्हा उघडणाऱ्या मुली

मुली सुपरहिरोंच्या गोष्टी लिहितात असे सांगितले की आपल्यातल्या बऱ्याच जणी हसतात. अमेरिकन कार्टून, त्यात मारामारी, वर मनाने जोडलेली प्रेमप्रकरणे. याचा स्त्रियांच्या प्रश्नांशी संबंध काय? हा सवाल मला कार्यकर्त्यांच्या बैठकीतच विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या मैत्रिणी वयाने व कामाने माझ्याहून मोठ्या आहेत. तरीही स्पष्ट सांगते, या हसण्यामागे अज्ञान आहे आणि थोडा तुच्छभावही आहे. मुलींच्या आवडीला हलके समजण्याची जी सवय घरात दिसते, तीच इथे आपल्या बैठकीत येऊन बसली आहे.

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन वाचकाने स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या वाचकांसाठी लिहिलेली गोष्ट म्हणजे फॅन फिक्शन. त्यातून पैसा मिळत नाही, मिळवायचाही नसतो. 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली 'स्पॉकानालिया' नावाचे नियतकालिक काढले, तेव्हापासून या लेखनाला आजचे रूप येत गेले. लिहिणाऱ्या, टाइप करणाऱ्या, प्रती काढून पोस्टाने धाडणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. ज्यांनी रात्री जागून स्टेन्सिल कापले आणि अंक घड्या घालून वाटले, त्यांना हे काम ओळखीचे वाटायला हरकत नाही.

आता ज्या टोळीवर सर्वात जास्त लिहिले जाते त्यांतल्या एकीकडे वळू. 'टीन टायटन्स' ही अमेरिकेतल्या डीसी कंपनीची तरुण नायकांची टोळी. १९६४ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड असे तीन मुलगे होते, मोठ्या नायकांचे चेले. वंडर गर्ल आली ती पुढच्या वर्षी. १९८० साली मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी टोळी नव्याने उभी केली, स्टारफायर आणि रेव्हन या मुली आणल्या आणि १९८२ साली टेरा. हिचे खरे नाव तारा मार्कोव्ह. राजाची अनौरस मुलगी, देशाबाहेर पाठवून दिलेली. माती आणि दगड हलवण्याची ताकद अंगात असलेली.

१९८४ सालच्या 'द जुडास कॉन्ट्रॅक्ट' या कथेत उघड होते की टेरा हेर आहे. तिला टोळीत घुसवणारा डेथस्ट्रोक ऊर्फ स्लेड विल्सन हा भाडोत्री मारेकरी. केस पिकलेला, तिच्याएवढ्या मुलांचा बाप. दोघांचे शरीरसंबंध आहेत हे चित्रांतून पुरते सूचित केले आहे. मुलगी सोळाच्या आसपासची. शेवटी ती संतापाने वेडीपिशी होते आणि आपणच पाडलेल्या दगडांखाली गाडली जाऊन मरते. यावर कथेचा निवाडा काय? दोष दुसऱ्या कुणाचाही नाही, फक्त तिचा. ती मुळातच दुष्ट होती. तिला मारायचे हे आधीपासून ठरवूनच तिला घडवले होते, असे तिच्या निर्मात्यांनी पुढे सांगितले आहे.

आणि स्लेडचे काय झाले? १९९१ साली त्याला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली. खलनायकाचा बऱ्यापैकी नायक झाला. तत्त्व असलेला, शब्दाला जागणारा, वगैरे.

मैत्रिणींनो, हा निवाडा तुम्ही याआधी कुठे वाचला आहे? चौकीतल्या नोंदीत वाचला आहे. शाळेच्या दाखल्यावरच्या शेऱ्यात वाचला आहे. 'मुलगी वयाच्या मानाने थोराड', 'मुलगी स्वतःहून गेली', 'मुलीचे वळण आधीपासून ठीक नव्हते'. २०१२ साली पॉक्सो कायदा आला आणि अठराखालच्या मुलीच्या 'संमती'ला कायद्यापुरता अर्थ उरला नाही. पण शेरे लिहिणारा हात तोच आहे. मुलगी जितकी उद्धट, जितकी तोंडाळ, तितकी तिच्यावरच्या अत्याचाराची किंमत कमी. टेरा उद्धट होती, सिगारेट ओढत होती. झाले, निकाल लागला.

हा निकाल मुलींनी मान्य केला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे.

२००३ साली 'टीन टायटन्स' कार्टून मालिका म्हणून आली आणि टेरा नव्या पिढीला भेटली. पडद्यावरच्या गोष्टीत ती टोळीला वाचवताना दगड होते. २००६ सालच्या शेवटच्या भागात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दिसते; चेहरा टेराचा, पण मागचे काही आठवत नाही म्हणते. तेवढ्यावर मालिका संपली. मग मुलींनी लिहायला घेतले. तिला खरेच आठवत नाही, की आठवायचे नाही? स्लेडच्या आधी तिला कोणी घरात ठेवून घेतले होते का? टोळीतल्या कुणाच्या लक्षात आले होते आणि कोण गप्प बसले? मी वाचलेल्या अशा गोष्टींत भाषा पुष्कळदा कच्ची असते, शब्दलेखनाचा आनंदीआनंद असतो. पण हे प्रश्न बघा. समुपदेशनाच्या पहिल्या तीन बैठकांत आपण जे विचारायला शिकतो, तेच आहेत. त्यासाठी मला समाजकार्याची एम.ए. करावी लागली.

बाईने कथेत स्वतःसाठी जागा मागितली की तिची टिंगल होते. फॅन फिक्शनमधल्या अतिगुणी नायिकेला 'मेरी सू' म्हणतात. हे नाव १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका विडंबनात वापरले. तेव्हा तो लिहिणाऱ्यांमधलाच आपसातला विनोद होता. पुढे कोणत्याही कर्तबगार मुलीच्या पात्राला हाणायला तो दगड झाला. बॅटमन कोट्यधीश, हुशार, दहा प्रकारच्या मारामारीत तरबेज; त्याला मात्र असे नाव नाही.

धंद्याचे गणित आणखी उघडे आहे. 'यंग जस्टिस' ही तरुण नायकांची दुसरी कार्टून मालिका २०१० साली सुरू झाली आणि २०१३ साली बंद पडली. खेळण्यांचा पैसा आटल्यामुळे ती थांबली असे तिच्या निर्मात्याने सांगितले. त्याच वर्षी लेखक पॉल डिनी यांनी एका मुलाखतीत अशा मालिकांबद्दल सांगितले की वरिष्ठांना मुली प्रेक्षक म्हणून नकोच असतात, कारण मुली खेळणी विकत घेत नाहीत. म्हणजे मुलगी बघते हाच मालिकेचा दोष!

'यंग जस्टिस' २०१९ साली परत आली आणि त्यात टेरा होती, स्लेडचीच हेर म्हणून. पण या वेळी टोळीला सारे माहीत असते, तिला ते तसे सांगतात, आणि ती पाठ फिरवते ती स्लेडकडे. ती जगते. अधिकृत कथेला हे सुचायला १९८४ पासून ३५ वर्षे लागली. मुलींचे वाचून त्यांनी हे केले असा माझा दावा नाही. मुली तिथे आधी पोचल्या होत्या, एवढे नक्की.

हे परके वाटत असेल तर जात्याकडे बघा. रामायण लिहिणाऱ्याने सीतेला वनात धाडले. दळणाऱ्या बायकांनी ओवीत सीतेची बाजू घेतली. हेमा राईरकर, गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तारा भवाळकरांनी 'सीतायन' लिहिले. त्याला आपण परंपरा म्हणतो आणि मुलीने वहीत टेराची बाजू घेतली की टाइमपास म्हणतो. फरक एक आहे: सीतेवर कुणाची कंपनी नाही, टेरावर आहे. म्हणूनच बायकांनी पुढाकार घेऊन २००७ साली एक संस्था काढली आणि 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे कथांचे भांडार उभारले. व्हर्जिनिया वुल्फच्या 'स्वतःच्या खोली'वरून त्याचे नाव आहे. जाहिराती नाहीत, वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालते. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आता तुमचा आक्षेप, आणि तो खरा आहे. यातल्या काही गोष्टींत स्लेड आणि टेरा यांचे 'प्रेम' रंगवलेले असते. पळवून नेणारा पुरुष देखणा आणि दुःखी असतो. वाचताना माझाही जीव चडफडतो. पण ही गोष्ट त्या मुलीच्या डोक्यात वहीने घातली नाही. सिनेमाने घातली, घरातल्या गप्पांनी घातली. वहीत ती निदान दिसते तरी. वही फाडली तर ती दिसणार नाही, डोक्यातून जाणारही नाही. शिवाय अशा गोष्टीखाली दुसरी मुलगी जाब विचारते, 'तिचे वय किती?' हा जाब आपण विचारला तर उपदेश होतो.

इंग्रजी येणाऱ्या, हातात फोन असणाऱ्या मुलींचेच हे चोचले आहेत, असेही म्हटले जाते. आज बरेचसे तसे आहेच. म्हणून तर मराठीत जागा करायला हवी. पुढच्या किशोरी शिबिरात एक अख्खी दुपार मोकळी ठेवा, कोरे कागद द्या. विषय आपण द्यायचा नाही. ज्या पात्रावर अन्याय झाला असे तिला वाटते ते तिने आणावे. टेरा असो, मालिकेतली सून असो, नाहीतर आजीने सांगितलेल्या गोष्टीतली नावडती राणी. गोष्ट तिला हवी तिथून फिरवावी. मैत्रिणींना वाचून दाखवायची की नाही, हेही तिने ठरवावे. आणि मेहेरबानी करून ते कागद अनुदानाच्या अहवालाला जोडू नका.