बर्फाच्या समुद्रात जहाजांनी हळू चालावं

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. वेग वाढवला की प्रॉपेलरच्या पात्यांवर वाफेचे बुडबुडे धरतात आणि फुटतात. याला आम्ही कॅव्हिटेशन म्हणतो. पाती खराब होतील याची आम्हाला काळजी असे, पण त्या फुटण्याचा आवाज कुठवर जातो हे कुणी विचारत नसे. आर्क्टिकच्या बाबतीत ते विचारायलाच हवं.

पाण्यात ध्वनी नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो. आपल्या समुद्रात वरचं पाणी उबदार, म्हणून वरचा आवाज खाली वाकतो. ध्रुवाजवळ सर्वांत थंड पाणी बर्फाला चिकटून असतं. तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,४४० मीटर, आणि खोलीबरोबर दाब वाढतो तसा तोही वाढतो. त्यामुळे खाली निघालेला आवाज वळून वर येतो, बर्फाच्या तळावर आपटतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. तळ खडबडीत असल्यामुळे किनरे आवाज विखरून संपतात. खर्जातली घरघर टिकते, आणि मोठ्या जहाजाचा आवाज मुख्यतः खर्जातलाच. १९९४ साली शास्त्रज्ञांनी स्वालबार्डच्या उत्तरेला बर्फाखाली १९.६ हर्ट्झचा ध्वनी सोडला. तो सुमारे २,६०० किलोमीटरवर, बोफर्ट समुद्रात, ऐकू आला.

या पाण्यात नार्व्हाल देवमासे अंधारात टिकटिक करून भक्ष्य शोधतात. पूर्व ग्रीनलंडमध्ये त्यांच्या अंगावर यंत्रं लावून पाहिलं, तर जहाज १२ किलोमीटरवर असतानाच शिकारीची टिकटिक निम्म्यावर आली आणि ७-८ किलोमीटरवर थांबली. हे प्राणी उपाशी राहतात आणि आपल्याला ते दिसतही नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये जहाजांच्या आवाजाविषयी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ऐच्छिक आहेत. ऐच्छिक गोष्टीसाठी कोणता मालक वेळापत्रक मोडेल? उपाय मात्र आमच्या हातातला आहे: आरपीएम उतरवा, पाती घासून स्वच्छ ठेवा, बुडबुडे कमी धरतील असे प्रॉपेलर बसवा. वेग कमी केला की बहुतेक जहाजांचं इंधनही वाचतं. ध्रुवीय पाण्यासाठी २०१७ पासून वेगळी, बंधनकारक संहिता आहेच. आवाजाची मर्यादा आणि बर्फाजवळची वेगमर्यादा तिच्यात घाला.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि जगभरच्या जहाजांवर आपली माणसं इंजिनं चालवतात. सागरी संघटनेच्या बैठकीत ही मागणी भारताने मांडावी, आणि ती मांडताना केंद्रातल्या शास्त्रज्ञांसोबत एखादा चीफ इंजिनियरही न्यावा.