पाखराच्या पाठीवरचे ओझे

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा परिसरातील रानात, नोव्हेंबर १९९७ मध्ये एक आनंददायक घटना घडली. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा कोणास मिळाला नव्हता, तो रानपिंगळा पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांस सकाळच्या उजेडात झाडावर बसलेला दिसला. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. हा शोध लागला तो जुन्या नोंदींचा अभ्यास, दुर्बीण आणि चिकाटी यांच्या बळावर.

आता पक्ष्याच्या पाठीवर लहानसे यंत्र बांधून उपग्रहाच्या साहाय्याने त्याचा माग काढता येतो. या साधनाचे उपकार नाकारता येणार नाहीत. २०१२ मध्ये नागालँडात अमूर ससाण्यांची प्रचंड हत्या झाली. पुढच्याच वर्षी तीन ससाण्यांवर प्रत्येकी पाच ग्रॅमची यंत्रे बसविण्यात आली आणि हे चिमुकले प्रवासी भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेस जातात, हे सर्वांस कळले. पूर्वी त्यांस जाळ्यात धरणारे गावकरीच त्यांचे रक्षक झाले होते; त्यांच्या पांगटी गावाचे नाव एका ससाण्यास देण्यात आले.

परंतु ओझे ते ओझेच. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या शंभरात तीन भागांहून अधिक नसावे, असा संकेत सामान्यतः पाळला जातो. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर सुमारे सव्वा किलोचे दप्तर! हे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण मुलाचे दप्तर शाळा सुटली की खुंटीवर जाते. पाखरास मात्र ते घेऊनच उडावे, शिकार करावी आणि निजावे लागते. शिवाय यंत्र वारा अडविते व पट्टा अंगास घासतो. दक्षिणेकडील राजपेंग्विनांच्या पंखांवर ओळखीसाठी धातूच्या पट्ट्या बसवीत. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०११ मध्ये असे प्रसिद्ध झाले, की पट्टी असलेल्या पक्ष्यांस इतरांहून ३९ टक्के कमी पिले झाली. साहजिकच, अशा पक्ष्यांवरून काढलेली अनुमानेही संशयास्पद ठरली. पीडित पक्षी निरोगी पक्ष्याची हकिकत कशी सांगणार?

रानपिंगळा संख्येने अत्यल्प आहे. तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो. तेथे यंत्राची तार अडकण्याचे भय आहे. तो दिवसाही वावरतो, म्हणून त्याचे पुष्कळसे जीवन डोळ्यांनी पाहता येते. जंगल तुटत चालले आहे, हे त्याच्यावरील मोठे संकट. ते ओळखण्यास त्याच्या पाठीवर यंत्र कशाला हवे? जे प्रश्न डोळ्यांनी सुटत नाहीत आणि ज्यांच्या उत्तराने त्या पक्ष्याचेच रक्षण होईल, तेवढ्यांसाठीच यंत्र वापरावे. तेही हलके, आणि काम संपताच गळून पडणारे.

ज्ञानाची तहान थोर खरी. परंतु ती भागविताना ज्याच्याविषयी जाणावयाचे, त्यालाच दुखविणे हे शहाणपण नव्हे.